एकेरी दोर आणि फांदीवरचं वजन

कुणीतरी लिहिलंय की झाडावर एकेरी दोराने (दोर जागीच स्थिर, त्याच्या एकाच पदरावर आपण चढायचं) चढलं की फांदीवर कमी लोड येतो, तर कळकळीने सांगतो, दोर बुंध्याला बांधलात तर उलटंच होतं! दोर वरच्या फांदीवरून येऊन खाली बुंध्याला अडकलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजू फांदीला ओढतात, सामानासकट ९० किलोचा माणूस असेल तर फांदीवर जवळपास १८० किलो. म्हणून चढायच्या आधी दोघांनी दोराला लटकून झटके द्यायचेच, आणि वर काही कडकडतंय का ते नीट ऐकायचं.

चढायला मात्र मस्त आहे, एका बुटाला फूट असेंडर, दुसऱ्या पायाला गुडघ्याशी नी असेंडर (असेंडर म्हणजे दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड), जिना चढल्यासारखं सरसर वर. उतरताना नुसत्या गाठीवर (दोराभोवती गुंडाळलेली, सरकवता येणारी पकड-गाठ) येऊ नका, अख्खं वजन तिच्यावर पडून ती आवळते आणि मग एकदम सुटते. केविन बिंगमने शोधलेलं रोप रेंच हे उपकरण त्यासाठीच आहे, गाठीच्या वर दोराला जरा वाकवून थोडं घर्षण ते घेतं. गाठीऐवजी झिगझॅग (गाठीचं काम करणारं धातूचं उपकरण) असेल तर सोबत शिकेन (त्याच्या वर बसून जादा घर्षण देणारा जोडभाग) हवंच.

आणि बुंध्याशी फिगर एट (दोर हळूहळू सोडायचं 8 आकाराचं धातूचं उपकरण) लावून तेवढाच जादा दोर खाली ठेवा, वरचा जखमी झाला तर खालचा माणूस त्याला उतरवू शकतो. बुंध्याकडे जाणाऱ्या त्या दोराजवळ चेनसॉ अजिबात नको.