मदत हवी आहे: अवयव पाडणं पोरांना कसं पक्कं करून घ्यावं?

नमस्कार मंडळी. अमळनेर-चोपडा भागातल्या प्रथम वर्षाच्या मुलांची बीजगणिताची तयारी करून घेतोय. मधलं पद फोडणं त्यांना येतं, घोडं अडतं ते त्याच्या पुढे.

६क्ष² − ११क्ष − ३५ घ्या. ६ × (−३५) = −२१०; गुणाकार −२१० आणि बेरीज −११ देणारी जोडी १० व −२१. इथवर सगळे येतात. मग ६क्ष² + १०क्ष − २१क्ष − ३५ मधून २क्ष(३क्ष + ५) काढतात आणि शेवटच्या दोन पदांतून −७ बाहेर घेताना −७(३क्ष − ५) लिहून बसतात. ऋण सामाईक काढलं की आतलं चिन्ह बदलतं, हे नियम म्हणून पाठ आहे, हात मात्र ऐकत नाही. दोन्ही कंस सारखे आले नाहीत तर तिथंच थांबून चिन्ह तपासायचं, ही सवय कशी लावता?

जोडी शोधण्याआधी विवेचक (अक्ष² + बक्ष + क मधला ब² − ४अक) काढायला लावावा का? इथे १२१ + ८४० = ९६१, म्हणजे ३१चा वर्ग, तेव्हा परिमेय अवयव पडणारच. मला हे फार उपयोगी वाटतं, पण परीक्षेत वेळ खातं.

घनाचंही तसंच. क्ष³ − ७क्ष + ६ला संश्लेषक भागाकारात (नुसते सहगुणक मांडून करायचा भागाकार) १, −७, ६ मांडतात, नसलेल्या क्ष² पदाचा सहगुणक ० गाळतात.

जळगाव-धुळ्याकडच्या कुणा सर-ताईंकडे उत्तरांसह मराठी सराव प्रश्न असतील तर कृपया पाठवा. पहिला सहगुणक १ नसलेले जास्त हवेत.