शब्दचर्चा : अंतराळस्थानकात ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ असते का?

अबोली :
नमस्कार. एका मराठी विज्ञान मासिकासाठी लेख लिहिते आहे. माणसाला सवय नसलेल्या ठिकाणी त्याचे शरीर आणि मन कसे वागते, यावर विद्यापीठांतून जे संशोधन चालते, तो विषय आहे. अंतराळस्थानक, चंद्रावरचा हलकेपणा, व्हीआरचा (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा) चष्मा लावल्यावर दिसणारे जग, अंटार्क्टिकातला हिवाळा, सगळे त्यात येते. तीन शब्दांपाशी अडले आहे. ‘मायक्रोग्रॅव्हिटी’ला वर्तमानपत्रांत सर्रास ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ लिहितात. ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ला संपादकांनी ‘आभासी वातावरण’ सुचवले आहे आणि ‘चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट’ला ‘आव्हानात्मक पर्यावरण’. तिन्ही वाचताना भातात खडा लागल्यासारखे होते. जाणकारांनी मदत करावी.

लोलक :
अबोलीताई, मी दहावीला विज्ञान शिकवतो, म्हणून पहिल्या शब्दावर जरा सविस्तर लिहितो. तिथे शब्द चुकला की विज्ञानच चुकते.

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जमिनीपासून साधारण ४०० किमी उंचीवरून फिरते. त्या उंचीवर पृथ्वीची ओढ इथल्या जवळपास ९० टक्के असते. जमिनीवर गुरुत्वीय त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, तिथे सुमारे ८.७. म्हणजे गुरुत्वाकर्षण जवळजवळ सगळेच्या सगळे शाबूत आहे. ते नसते तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते, सरळ रेषेत निघून गेले असते. ताशी सुमारे २८,००० किमी वेगाने आडवे जाता जाता ते सतत पृथ्वीकडे पडत असते, आणि जेवढे पडते तेवढी पृथ्वीची गोलाईही खाली वळत जाते. आतली माणसे, पेन, पाण्याचा थेंब ही सगळी त्याच त्वरणाने पडतात. कुणीच कुणावर रेलत नाही, म्हणून वजन जाणवत नाही. वजनकाट्यावर उभे राहावे तर काटाही आपल्यासोबत पडतो आहे, तो दाखवणार काय? नाहीसे झाले ते जाणवणारे वजन, गुरुत्वाकर्षण नव्हे.

पाठ्यपुस्तकात ‘मुक्त पतन’ हा शब्द आहेच. त्याचेही एक अंग मुलांना पटवून द्यावे लागते. जर्मनीत ब्रेमेन विद्यापीठात १४६ मीटर उंचीचा मनोरा आहे, १९९० पासून वापरात. त्याच्या आतल्या नळीतली हवा काढून टाकतात आणि प्रयोगाचे साहित्य भरलेली कुपी ११० मीटर खाली सोडतात. ४.७४ सेकंद मिळतात, मग कुपी थर्माकोलच्या बारीक मण्यांत जाऊन रुतते. पुढे तिथे खालून वर फेकणारी यंत्रणा बसवली. तीमुळे वेळ जवळपास दुप्पट झाली, नऊ सेकंदांच्या वर. दुप्पट का? तर कुपी वर जात असतानासुद्धा आत वजन नसते! फेकणाऱ्या दांड्याचा स्पर्श सुटला त्या क्षणापासून ती ‘मुक्त पतनात’ आहे, दिशा वरची असली तरी. फक्त गुरुत्वाकर्षण काम करते आहे, दुसरा कुणी ढकलत किंवा अडवत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

अशा चार-पाच सेकंदांत काय दिसते ते सांगतो, कारण मुलांना हे फार आवडते. आपल्याकडे मेणबत्तीची ज्योत लांबट आणि पिवळी असते, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि ज्योतीला ओढून नेते. वजनच जाणवत नाही तिथे जड हवा-हलकी हवा हा भेद उरत नाही. ज्योत गोल होते, निळसर आणि मंद. ज्वलनाचा अभ्यास करणारे संशोधक याचसाठी मनोऱ्यावरून भट्ट्या खाली सोडतात. अमेरिकेत क्लीव्हलंडला नासाची खोल विहीर आहे, तिथे १३२ मीटर पडताना ५.१८ सेकंद मिळतात.

बोरू :
लोलक सर, उत्तम. यात भाषेच्या बाजूची भर घालतो. आपल्याकडे ‘गुरुत्व’ आणि ‘गुरुत्वाकर्षण’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि इथे तो फरक सोन्यासारखा उपयोगी पडतो. गुरू म्हणजे जड, लघू म्हणजे हलका. वृत्ते शिकताना आपण हेच लघु-गुरू मोजतो. तेव्हा गुरुत्व म्हणजे जडपणा. ‘विशिष्ट गुरुत्व’, ‘गुरुत्वमध्य’ यांत तोच अर्थ आहे. गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढ. अंतराळस्थानकात ओढ कायम आहे, जडपणा गेला आहे. म्हणून ‘सूक्ष्मगुरुत्व’ बरोबर आणि ‘सूक्ष्म गुरुत्वाकर्षण’ चूक. इंग्रजीत दोन्हीला ‘ग्रॅव्हिटी’ म्हणून भागवावे लागते आणि घोटाळा होतो. मराठीत तो टाळायची सोय असताना आपण का ओढवून घ्यावा?

‘शून्यगुरुत्व’ न म्हणता ‘सूक्ष्म’ का, तर थोडा जडपणा उरतोच. एवढ्या उंचीवरही विरळ हवा स्थानकाला किंचित अडवते, यंत्रे थरथरतात, माणसे भिंतीला पाय लावून ढकलून घेतात. उरलेला जडपणा इथल्याच्या काही दशलक्षांश भागाइतका असतो. ‘मायक्रो’ हा उपसर्ग तिथून आला आणि स्फटिक वाढवणाऱ्या माणसाला तेवढाही महत्त्वाचा असतो.

चंद्र-मंगळासाठी मात्र ‘सूक्ष्म’ चालणार नाही. चंद्रावर इथल्या एक षष्ठांश, मंगळावर ०.३८. त्यांना ‘अल्पगुरुत्व’ म्हणावे.

आणखी एक. अंतराळवीर ‘तरंगतात’ असे आपण लिहितो. तरंगणे पाण्यावरचे, तिथे खालून उचलून धरणारे काहीतरी असते. त्यांच्यासाठी ‘अधांतरी’ हा आपला जुना शब्द आहे. आज तो ‘निर्णय अधांतरी राहिला’ एवढ्यापुरता उरला आहे, पण मूळ अर्थ अगदी हाच.

कडुनिंब :
बोरूंच्या तरंगण्याच्या मुद्द्याला डॉक्टर म्हणून दुजोरा. ह्यूस्टनला नासाचा सरावाचा मोठा हौद आहे, ६२ मीटर लांब, ३१ रुंद, १२ खोल. अंतराळवीर पोशाख चढवून त्यात उतरतात आणि वजने-फोम लावून त्यांना असे तोलतात की ते वरही येत नाहीत, खालीही जात नाहीत. इथे ‘तरंगणे’ शंभर टक्के योग्य, कारण काम पाण्याचे प्लावक बल करते. पण याला ‘भारहीनता’ म्हणू नये. तोलला गेला तो पोशाख. आतले शरीर पोशाखावर नेहमीसारखेच रेलते. डोके खाली केले तर खांद्यांवर भार येतो, रक्त डोक्याकडे उतरते. शिवाय पाणी प्रत्येक हालचालीला अडवते, जे तिथे वर कुणी अडवत नाही.

उलट टोकाचे उदाहरण बघा. जर्मनीत कोलोनला निरोगी स्वयंसेवकांना ६० दिवस पलंगावर झोपवून ठेवतात, डोक्याची बाजू ६ अंशांनी खाली. जेवण, अंघोळ, सगळे आडव्यानेच. गुरुत्वाकर्षण पूर्ण, वजनही पूर्ण, तरी शरीर अंतराळवीरासारखे वागू लागते. पायांतले द्रव छाती-डोक्याकडे सरकतात, पोटऱ्या रोडावतात, हाडे झिजायला लागतात. अंतराळस्थानकात नितंबाच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते. वय झालेल्या बाईची वर्षभरात होते तेवढी झीज तिथे महिन्याभरात. या पलंगावरच्या प्रयोगाला इंग्रजीत ‘अ‍ॅनलॉग’ म्हणतात. मी ‘समपरिणामी’ सुचवेन, कारण साम्य परिस्थितीत नाही, परिणामात आहे.

अबोली :
सर, डॉक्टर, बोरूदादा, मनापासून आभार. ‘सूक्ष्मगुरुत्व’ पक्के. आता ‘आभासी’चे काय? ‘कल्पित’ चालेल का?

सातवीण :
मी याच विषयात पीएचडी करते आहे, म्हणून लिहिते. ‘कल्पित’ नको. कल्पित म्हणजे मनाने रचलेले, कथेतले. ‘मायावी’ही नको, त्यात फसवणुकीचा वास आहे. ‘आभासी’ ठेवा, कारण तो शाळेपासून ओळखीचा आहे. आरशातली ‘आभासी प्रतिमा’ आठवा. किरण आरशामागे खरोखर एकत्र येत नाहीत, पण डोळ्याला प्रतिमा तिथेच दिसते, तिच्याकडे बघून दाढी होते, कुंकू लागते. प्रतिमा आभासी, उपयोग खरा. व्हीआरमधला ‘व्हर्च्युअल’ याच अर्थाचा आहे.

अडचण अशी की बोलीत ‘आभास’ म्हणजे ‘नुसता भास, खरे काही नाही’ असा अर्थ रुळला आहे. त्यामुळे ‘आभासी जगातली भीती’ असे लिहिले की वाचकाला भीतीच खोटी वाटते. प्रयोग नेमके याच्या उलट सांगतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, एक प्रयोग झाला, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. चष्मा घातलेला माणूस एका खोलीतून शेजारच्या खोलीत जातो. तिथे मधोमध जमीनच नसते. कडेने अरुंद कठडा आणि खाली वीस फुटांवर दुसरी खोली. प्रत्यक्षात तो प्रयोगशाळेच्या सपाट फरशीवर उभा असतो, हे त्याला पुरते ठाऊक असते. तरी हृदयाचे ठोके वाढतात. मग संशोधकांनी कठड्याच्या जागी दीड इंच जाडीची खरी लाकडी फळी ठेवली. पायाच्या बोटांना फळीची कड लागली आणि ठोके आणखी वाढले. दीड इंचाची कड वीस फुटांच्या खड्ड्याला पुरावा म्हणून पुरली! म्हणून लेखात ‘आभासी’ हे विशेषण फक्त दृश्याला लावा, माणसाच्या अनुभवाला किंवा प्रतिक्रियेला कधीच लावू नका. ‘आभासी खड्डा’ ठीक, ‘आभासी भीती’ चूक.

तुमच्या लेखासाठी एक दुवा देते, ज्यात तुमचे दोन विषय एकत्र येतात. शेजारची लोकल सुटली की आपलीच गाडी निघाली असे क्षणभर वाटते, त्याला ‘व्हेक्शन’ म्हणतात. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठाने याच नावाचा प्रयोग अंतराळस्थानकात केला. अंतराळवीरांना व्हीआरचा चष्मा लावून, आपण पुढे सरकतो आहोत असे दाखवायचे आणि किती अंतर आलो ते विचारायचे. भारहीनतेने अंतराचा अंदाज फारसा बिघडला नाही. वर-खाली कळण्याचा आधार गेला तरी डोळे बरेच सांभाळून घेतात. ‘व्हेक्शन’ला मी माझ्या टिपणांत ‘गतिभास’ लिहिते.

लोलक :
‘गतिभास’ सुंदर आहे. याला जोडून ‘मळमळ’ही येऊ द्या लेखात. डोळे म्हणतात ‘हललो’, कानातला तोल म्हणतो ‘नाही’, त्यातून व्हीआरमध्ये मळमळते. फ्रान्समध्ये बोर्दोहून एक एअरबस ए-३१० विमान उडते. ते अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराच्या कमानी घेते, एका उड्डाणात ३१, प्रत्येक कमानीत २२ सेकंद भारहीनता आणि आधी-नंतर वजन जवळपास १.८ पट. तिथेही मळमळते, पण तिथे शरीर खरोखर हललेले असते. दोन्हीला एकच शब्द लावू नये असे मला वाटते. पहिली ‘दृश्यजन्य’, दुसरी ‘गतिजन्य’.

बोरू :
आता ‘वातावरण’. हा शब्द इथे अजिबात नको. वातावरण म्हणजे वायूचे आवरण. ‘अंतराळातील वातावरण’ म्हणताच वाक्य कोसळते. ‘पर्यावरण’ म्हटले की झाडे, नद्या, प्रदूषण डोळ्यांसमोर येते. ‘परिस्थिती’ चालली असती, पण ‘घरची परिस्थिती’ म्हणजे पैशाची बाजू, हा अर्थ तिला घट्ट चिकटला आहे. मी ‘भोवताल’ म्हणेन. आभासी भोवताल, भारहीन भोवताल. माणसाच्या सभोवार जे जे आहे ते सगळे त्यात येते.

‘आव्हानात्मक’ही नको. आव्हान एक माणूस दुसऱ्याला देतो, बर्फ कुणाला ललकारत नाही. पण त्या जागी एकच शब्द घालून भागणार नाही, कारण संशोधक या नावाखाली निरनिराळ्या गोष्टी तपासतात. अंटार्क्टिकात फ्रान्स आणि इटलीचे कॉन्कॉर्डिया स्थानक ३,२३३ मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, हिवाळ्यात पारा उणे ८० च्या खाली जाऊ शकतो, सूर्य महिनोन्‌महिने उगवत नाही, आणि सुमारे नऊ महिने बाहेरून कुणी पोचू शकत नाही. हा भोवताल ‘प्रतिकूल’ आहे. त्याउलट मॉस्कोतला मार्स-५०० प्रयोग, मंगळाच्या प्रवासाची जमिनीवरची तालीम. जून २०१० ते नोव्हेंबर २०११, सहा पुरुष, ५२० दिवस, शहरातल्या एका इमारतीत. थंडी नाही, भारहीनता नाही, हवा मुबलक. फक्त दार बंद. तरी महिने उलटत गेले तशी त्यांची हालचाल मंदावली, बहुतेकांची झोपेची घडी विस्कटली. त्या भोवतालाला ‘प्रतिकूल’ म्हणणे चूक, तो ‘कोंडलेला’ आहे. लेखात दोन्ही आले तर दोन्ही शब्द वापरा. दोन्हींना मिळून एक नाव हवेच असेल तर ‘खडतर’.

कडुनिंब :
‘कोंडलेला’ अगदी पटले. रुग्णांच्या तोंडी हाच शब्द येतो, ‘कोंडल्यासारखं होतं’.

पिंपळपान :
उशिरा आलो. मी जीवशास्त्र शिकवतो. बोरूंच्या गुरुत्व-गुरुत्वाकर्षण फरकाला आमच्याकडचा एक शब्द जोडतो. मूळ जमिनीकडे आणि खोड वर वाढते, त्याला ‘गुरुत्वानुवर्तन’ म्हणतात. म्हणजे इथे ‘गुरुत्व’ आधीपासून रुळलेलेच आहे. २०२५ च्या जून-जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकात होते तेव्हा त्यांनी मूग आणि मेथी रुजवली. त्या प्रयोगामागे धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि तिथलीच आयआयटी होती. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते ज्या बाजूला जाऊन बसतात ती बाजू ‘खालची’, हे मुळाला त्यावरून कळते. ओढ कायम असूनही सूक्ष्मगुरुत्वात ते कण तळाशी बसत नाहीत, म्हणजे मुळालाही ओढ कळत नाही, कळतो तो जडपणाच. अबोलीताई, लेखात मोड आलेल्या मुगाचा उल्लेख करणार असाल तर ‘गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे’ असे न लिहिता ‘कण खाली न बसल्यामुळे’ असे लिहा.