लॅपटॉप दुरुस्तीला देताना पासवर्ड द्यावा का? मदत हवी आहे

लॅपटॉपची बिजागरी तुटली आहे आणि चार्जिंगही मध्येच बंद पडतं. दुरुस्तीवाले म्हणतात, ठेवून जा आणि पासवर्ड कागदावर लिहून द्या. बिजागरी बदलायला पासवर्ड कशाला हवा, हे मला पटत नाही. चार्जिंगची तपासणी तर बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) स्क्रीनवरही होऊ शकते ना?

खरी काळजी ब्राउझरची आहे. बँकेचे, ईमेलचे पासवर्ड त्यातच सेव्ह आहेत. शिवाय आईचे मेडिकल रिपोर्ट आणि घरच्यांचे फोटो डिस्कवर आहेत. डिस्क एन्क्रिप्ट केलेली (म्हणजे कुलूपबंद, किल्लीशिवाय वाचता न येणारी) नसेल तर पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालू करून पासवर्डशिवायही सगळं वाचता येतं, त्यामुळे नुसत्या लॉगिनवर माझा भरवसा नाही.

बॅकअप घेऊन झाला आहे. विंडोज ११ प्रोमध्ये बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) सुरू करायचं, कुलूप अडलं तर डिस्क उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की घरी लिहून ठेवायची आणि त्यांना ॲडमिनचे अधिकार नसलेलं वेगळं खातं द्यायचं, असा विचार आहे. पण मदरबोर्ड बदलला तर ती रिकव्हरी की मागितली जाणार. मग स्वतः जाऊन टाकावी, की आधीच एसएसडी (म्हणजे ही डिस्कच) काढून घ्यावी? मागचं झाकण स्वतः उघडल्यास वॉरंटीला अडचण येते का? ज्यांनी हे केलं आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.