पत्र्याची खोली, ४० डिग्री, बजेट चार हजार: कमी आवाजाचं पीसी कॅबिनेट कोणतं?

पत्र्याखाली
मुक्काम परभणी. वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली, मे महिन्यात दुपारी आतच ३९-४० डिग्री. एसी नाही, खिडकीत कूलर आहे. मशीन: सीपीयू रायझन ५ ५६०० (त्याला थंड ठेवायला सोबत आलेलाच हीटसिंक), ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, एमएटीएक्स म्हणजे लहान आकाराचा मदरबोर्ड. सध्याच्या कॅबिनेटला पुढून अख्खी काच, काचेमागे तीन आरजीबी (रंगीत दिव्यांचे) फॅन. रेंडर लावलं की सीपीयू ९० ला टेकतो, कार्ड ८४ वर जातं आणि आवाज असा की शेजारी बसून फोनवर बोलता येत नाही. आतून फोम लावलेलं ‘सायलेंट’ घ्यावं की जाळीचं?

गोदाकाठ
जाळीचं. फोम डोक्यातून काढून टाका.

फोमच्या कॅबिनेटला पुढून बंद दार असतं, हवा बाजूच्या फटींतून ओढावी लागते. २५ डिग्रीच्या खोलीत ते चालून जातं. आपल्याकडे हवाच कमी पडली तर फॅन जोरात पळणार, म्हणजे जो आवाज दाबायला पैसे दिले तोच आतून तयार होणार. उलट हिशोब बघा: फॅनचे फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून वाट मोकळी ठेवायची अन् फॅन सावकाश फिरवायचे.

आकड्यात सांगतो. मशीन २५० वॅट खात असेल आणि आतून खरोखर ५० सीएफएम (मिनिटाला ५० घनफूट) हवा जात असेल, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा साधारण ९ डिग्रीने गरम असते. काचेमागे हवा निम्मी झाली की तोच फरक १८. आणि खोली ४० असेल तर सगळी मोजणी ४० पासूनच सुरू होते, कॅबिनेट कितीही भारी आणा.

पैसे घालायच्या आधी एक फुकटची तपासणी करा. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून २० मिनिटं रेंडर लावा, आकडे लिहून ठेवा. मग पुढची काच काढून पुन्हा तेच. ८-१० डिग्री उतरले तर कॅबिनेट गुदमरतंय. दोन-तीनच उतरले तर दोष हीटसिंकचा. सीपीयूचं मात्र नुसतं तापमान बघू नका. ९० ही या चिपची कमाल मर्यादा, तिथे पोचली की ती स्वतःच वेग कमी करते. म्हणून क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, किती मिळतोय तेही लिहा.

पाना_पक्कड
दुकानात गेलात की डब्यावरचा फोटो सोडा, हे बघा:

पुढची जाळी डोळ्यासमोर धरा, पलीकडचं दिसलं पाहिजे. काही ठिकाणी जाळी नुसती शोभेची, मागे प्लास्टिकचा पत्रा. बाजूचं दार बोटाने दाबा. डबडब वाजलं तर फॅनच्या कंपनाने ते रोज वाजणार.

फॅनची वायर तपासा, सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. जाड मोलेक्स पिन म्हणजे फॅन कायम पूर्ण १२ व्होल्टवर, वेग कमी करायची सोय नाही. तीन पिन असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डीसी मोड, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवायची सोय, लावावा लागतो, नाहीतर तोही फुल्ल पळतो. चार पिन सगळ्यात बरी. ‘चार आरजीबी फॅन फुकट’ बघून भुलू नका. दोन चांगले साधे फॅन त्यांना भारी पडतात. आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएम हा फॅन मिनिटाला २०० ते १८०० फेऱ्यांत फिरतो, ८०० च्या आसपास ठेवला तर छताच्या पंख्यापुढे ऐकूच येत नाही.

शेवटचं, टेप घेऊन जा. सीपीयू कूलरला किती उंची चालते ते कॅबिनेटच्या स्पेकमध्ये असतं. डीपकूल एजी४०० या सीपीयू कूलरची उंची १५० मिमी आहे; अरुंद कॅबिनेट घेतलं तर दार लागायचं नाही.

पत्र्याखाली
तपासणी केली. खोली ३९. काच काढल्यावर कार्ड ८४ वरून ७५. सीपीयू ९० वरच, पण क्लॉक ३.९ वरून ४.०५ गिगाहर्ट्झ. तिन्ही फॅन मोलेक्सवर निघाले. 😐

गोदाकाठ
मग दोन्हीकडे दोष आहे: कार्ड ९ डिग्रीने उतरलं म्हणजे कॅबिनेट गुदमरतंय, सीपीयू तरी ९० वरच म्हणजे हीटसिंकही कमी पडतोय. चार हजारांचे दोन भाग करा: निम्म्याहून थोडे जास्त जाळीच्या कॅबिनेटला, उरलेले १२० मिमी फॅनच्या टॉवर कूलरला (सीपीयूवर बसणारा उंच हीटसिंक). तो बारका हीटसिंकच सगळ्यात जास्त किंचाळतो.

फॅन पुढे दोन आत, मागे एक बाहेर. एवढे बास. वर, पुढच्या कोपऱ्यात एक्झॉस्ट (हवा बाहेर फेकणारा फॅन) लावू नका, ताजी हवा सीपीयूपर्यंत पोचायच्या आधीच तो ओढून नेतो. स्टिकर आणि दांड्या ज्या बाजूला, हवा तिकडे बाहेर पडते. बसवताना इथेच उलटसुलट होतं.

बायोसमध्ये फॅनचा वेग सीपीयूच्या ६० डिग्रीपर्यंत ४० टक्के, ७५ ला ७०, ८५ ला १००. स्टेप-अपला (वेग वाढायला) ३-४ सेकंद उशीर द्या, नाहीतर ब्राउझर उघडला तरी फॅन दचकतो. आणि आफ्टरबर्नर या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्ड जास्तीत जास्त किती वीज घेईल ते) ८० टक्के करा: १७० चे १३६ वॅट. रेंडर थोडं लांबेल, पण याला दमडी लागत नाही.

काळी_माती
खोलीतल्या कूलरचं कुणी बोललं नाही. त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. बोअरचं जड पाणी असेल तर बारीक तुषारांसोबत क्षार येतात, आणि ओली धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिखलासारखी बसून वाळते. ब्लोअरने निघत नाही मग. कूलर खिडकीत, समोरचं दार उघडं, पीसी झोताच्या बाजूला. खोली जितकी डिग्री उतरेल, चिपही साधारण तितकीच उतरते.

टेबलाच्या बंद खणात ठेवू नका, मागे वीतभर जागा हवी, नाहीतर तीच गरम हवा फिरून पुढून आत. जमिनीपासून निदान फूटभर वर. पुढची गाळणी उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुवून, पूर्ण वाळवून लावा. सोयाबीनच्या मळणीत आणि कापूस वेचणीत आठवड्याला बघा, लव नमद्यासारखी बसते. आणि ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. भिंगरीसारखा फिरू दिला तर बेअरिंग जातं अन् मग घरघर सुरू.