ताई ची करताना मन गप्पच बसत नाही, कुठे चुकतंय?

उंबरठा:
सात महिने झाले, रोज सकाळी २४ चा फॉर्म, म्हणजे या चिनी कलेतला २४ संथ मुद्रांचा ठरलेला क्रम, करते. क्रम पाठ आहे, आरशासमोर उभं राहावं लागत नाही. मी हे सुरू केलं ते पाठीसाठी नाही की गुडघ्यांसाठी नाही. डोकं जरा गप्प बसावं, एवढीच इच्छा होती. बसून ध्यान करून पाहिलं होतं, दहा मिनिटांत पायाला मुंग्या आणि डोक्यात बाजार.

पण इथेही तेच चाललंय. घोड्याची आयाळ तीनदा होते, करकोचा पंख पसरतो (मुद्रांची नावंच अशी), आणि माकडाला मागे लोटायला लागेपर्यंत मी मनात आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट उघडून बसलेली असते. काल तर हद्द झाली. शेवटी हात खाली आले तेव्हा लक्षात आलं, मधलं काहीच आठवत नाहीये. फॉर्म शरीराने केला, मी तिथे नव्हतेच. सगळे ज्या शांततेबद्दल बोलतात ती कधी येते? की माझ्यासारख्यांना येतच नाही?

तिरकस:
मला पाच वर्षांत आली नाही बुवा. जिना उतरताना कठडा धरायचं बंद झालं, एवढी मात्र खात्रीची कमाई. शांततेची वाट बघणारे लोक फॉर्म संपल्यावर फार चिडचिडे दिसतात, हे माझं निरीक्षण.

जुनं_खोड:
उंबरठा, क्रम पाठ झालाय ना, तिथेच गोम आहे. सुरुवातीला ‘आता कुठला हात’ या धास्तीने मन बांधलेलं असतं. पाठ झालं की ती दोरी सुटते आणि मन चरायला मोकळं. माझंही तिसऱ्या वर्षी हेच झालं होतं. आता अकरावं चालू आहे.

यांग शैलीचे गुरू यांग चेंगफू यांनी ताई चीची जी दहा सूत्रं सांगितली त्यातलं शेवटचं आहे ‘हालचालीत स्थिरता शोधा’. आपण सगळे थेट त्या दहाव्यावर उडी मारतो. चौथं मात्र वाचून सोडून देतो: भरलेलं आणि रिकामं वेगळं ओळखा. म्हणजे या क्षणी वजन कुठल्या पायावर आहे आणि कुठला पाय मोकळा आहे. या कलेत पहिलं महत्त्व याचंच, असं ते तिथे स्पष्ट म्हणतात.

मला हे गुडघ्याने शिकवलं. वजन पायावर तसंच ठेवून मी पंजा फिरवायचो, रोज, झोकात. जमिनीला चिकटलेलं पाऊल वळत नाही, मग वळणारा पीळ गुडघा खातो. चार महिने फॉर्म बंद ठेवावा लागला. त्या काळात मी फक्त उभा राहायचो आणि वजन डावीकडून उजवीकडे न्यायचो. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओततो तसं, धार न तोडता. आधी फार हसू यायचं. हा काय व्यायाम? पण एक दिवस ध्यानात आलं की ओतताना दुसरा विचार आला की धार तुटते. पाय धपकन पडतो. तेव्हापासून मन पळालं की नाही ते मी मनाला विचारत नाही, पायाला विचारतो.

तुमचं माकड घ्या. मागे पाऊल टाकताना आधी बोटं टेकतात, मग हळूहळू टाच. बोटं टेकली की तिथेच थांबा. हा मागचा पाय आत्ता उचलता येईल का? तोल न ढळता उचलता आला तर पाय खरंच रिकामा होता. नाहीतर तुम्ही केव्हाच त्यावर पडला आहात. चारही पावलांना हेच करा.

महिनाभर अख्खा फॉर्म करू नका. सुरुवातीची मुद्रा, माकड आणि ढगांचे हात, बस. हा फॉर्म १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने मुद्दाम आटोपशीर बनवला, लोकांना चटकन शिकता यावा म्हणून. त्यामुळे तो उरकताही चटकन येतो. ढगांच्या हातांत हात विसरा, ते कमरेबरोबर आपोआप फिरतील.

आणि ‘ची’ची ऊर्जा कुठे सळसळते का ते शोधत बसू नका. ताई चीमधला ची तो नव्हेच. श्वासातल्या ‘ची’चं अक्षर वेगळं, हे वेगळं, ताई ची म्हणजे परमोच्च टोक. इतकी वर्षं करणारेही यात घोटाळा करतात.

तिरकस:
पाय उचलायची परीक्षा आत्ता खुर्चीमागे उभं राहून दिली. नापास. चारपैकी चार वेळा. खोडसाहेब, पाच वर्षं मी नक्की काय करत होतो?

जुनं_खोड:
कठडा सोडलात ना, ते काही कमी नाही. गुडघे वाकवताना पंजाच्या पुढे नेताय का तेही बघा.

उंबरठा:
तीन आठवड्यांनी लिहितेय. पहिला आठवडा कंटाळ्याने जीव गेला, लपवत नाही. मग मागल्या मंगळवारी ढगांचे हात करताना उजव्या पायावर वजन ओतत होते तर ते सगळं करंगळीकडे जाऊन बसलं. अंगठा जवळजवळ हवेत. मी आयुष्यभर पावलाच्या बाहेरच्या कडेवर उभी राहते, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं! आत जाऊन बूट उलटे करून पाहिले. दोन्हींचे तळवे त्याच कडेला झिजलेले.

मन होतं तिथेच आहे. रिपोर्ट दोनदा आठवले, पण पाऊल रिकामं व्हायच्या आत विरूनही गेले. मागे ओढून आणावं लागलं नाही. मग पंखा किती आवाज करतो ते ऐकू आलं. खरंच फार करतो. आता अंगठा टेकवायला गेले की पोटरी ताठ होते, ते कसं सोडवू?

जुनं_खोड:
अंगठा दाबू नका, मांडीचा सांधा सैल सोडा. दाबलंत की पोटरी धरतेच. आणि वजन पावलाच्या मध्यावर, तळव्याच्या खळग्यापाशी येतंय का ते रोज एकदा बघा.

तिरकस:
मीही बूट पाहिले. एक आतून झिजलाय, एक बाहेरून. याला काय म्हणायचं?