स्कॉटलंडमधील दारूची किमान किंमत: मृत्यू वाढले, तरी धोरण यशस्वी कसे?

पेस्लीकर यांचा प्रश्न:

मी शिक्षणासाठी ग्लासगोजवळ राहतो आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी एका किराणा दुकानात गल्ल्यावर काम करतो. आपल्याकडे बाटलीवर कमाल किंमत छापलेली असते आणि तिच्याहून जास्त मागितले की गिऱ्हाईक भांडते. इथे कायद्याने खालची मर्यादा घातली आहे आणि तिच्याहून स्वस्त विकले तर दुकानदाराचा परवाना धोक्यात येतो, ही गोष्ट पचनी पडायला मला बरेच दिवस लागले. एक युनिट म्हणजे १० मिलीलिटर शुद्ध मद्यार्क, आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक युनिटमागे किमान ६५ पेन्स. त्यामुळे ४० टक्के मद्यार्काची ७०० मिलीलिटर व्हिस्की, जिच्यात २८ युनिटे असतात, १८ पौंड २० पेन्सांच्या खाली विकता येत नाही. हा हिशेब आता तोंडपाठ झाला आहे.

अडचण वेगळीच आहे. ५० पेन्सांचा पहिला दर १ मे २०१८ रोजी लागू झाला. त्यानंतर केवळ मद्यपानामुळे होणारे मृत्यू २०१९ मध्ये १,०२० होते, ते २०२३ मध्ये १,२७७ झाले. तरीही ‘पब्लिक हेल्थ स्कॉटलंड’ या सरकारी आरोग्यसंस्थेचे मूल्यमापन म्हणते की या धोरणामुळे असे मृत्यू १३.४ टक्क्यांनी कमी झाले. गिऱ्हाईक मला हेच ऐकवतात आणि माझ्याकडे उत्तर नसते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी? आणि वाढीव किमतीचा पैसा नेमका कोणाला मिळतो?

कृष्णाकाठ यांचे उत्तर:

ऑगस्टमध्ये नदीची पातळी जूनपेक्षा जास्त असते, म्हणून धरणाने काहीच अडवले नाही असे आपण म्हणत नाही. धरण नसते तर पाणी कुठवर चढले असते, हे विचारतो. हा अभ्यास तसाच आहे. स्कॉटलंडच्या आकड्यांची तुलना संशोधकांनी इंग्लंडशी केली, कारण तिथे असा कायदा नाही आणि बाकीची परिस्थिती पुष्कळशी सारखी आहे. १३.४ टक्के ही घट आधीच्या वर्षांच्या तुलनेतली नसून कायदा नसता तर जितके मृत्यू अपेक्षित होते त्यांच्या तुलनेतली आहे, आणि ती २०२० च्या अखेरपर्यंतच्या काळाची आहे. संशोधकांच्या अंदाजानुसार दर वर्षी सुमारे १५६ मृत्यू टळले आणि घट सर्वांत जास्त दिसली ती गरीब वस्त्यांमध्ये.

तुम्ही दिलेली वाढ खरी आहे, पण तिच्यातला मोठा भाग करोनानंतरचा आहे. घरी बसून पिणे वाढले, आधीच जास्त पिणारे आणखी पिऊ लागले आणि मद्यपानामुळे होणारे मृत्यू इंग्लंडमध्येही वाढले. २०२४ मध्ये स्कॉटलंडचा आकडा १,१८५ वर आला. त्याचे श्रेय नव्या दराला देण्याची घाई मात्र मी करणार नाही, कारण तो दर त्या वर्षी जेमतेम तीन महिनेच लागू होता.

लीथवाली यांचे उत्तर:

कृष्णाकाठ यांचे गणित मला मान्य आहे, पण मी इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि गणिताच्या बाहेर राहिलेली माणसे मला रोज भेटतात. साडेसात टक्क्यांच्या सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या मद्याची, तीन लिटरची बाटली पूर्वी चार पौंडांच्या आसपास मिळायची. तिच्यात साडेबावीस युनिटे असतात, त्यामुळे ५० पेन्सांच्या दराने ती सव्वाअकरा पौंडांची झाली आणि दुकानांतून जवळजवळ नाहीशी झाली. हे चांगलेच झाले. परंतु ज्याचे शरीर दारूवाचून थरथरते, तो बाटली महागली म्हणून थांबत नाही. तो जेवण कमी करतो, वीजबिल थकवतो किंवा सायडरऐवजी व्होडकाकडे वळतो. कमी उत्पन्नाच्या काही व्यसनाधीन लोकांनी अन्नावरचा खर्च घटवल्याचे त्याच मूल्यमापनात नोंदलेले आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र १३.४ तेवढे राहते. अशा माणसाला उपचारासाठी लगेच जागा मिळाली तर किमतीच्या चटक्याला काही अर्थ आहे. माझ्या अनुभवात ती लगेच मिळत नाही.

आणि पैशाबद्दल: तो कर नाही, त्यामुळे सरकारी तिजोरीत थेट काही जमा होत नाही. जास्तीची रक्कम दुकानदार आणि उत्पादक यांच्या साखळीत राहते. मला या धोरणातला हा सर्वांत लंगडा भाग वाटतो.

पेस्लीकर:

मग सरळ करच का वाढवला नाही?

कृष्णाकाठ:

कारण मद्यावरील उत्पादन शुल्काचा अधिकार एडिनबरातल्या संसदेकडे नाही, तो लंडनकडे आहे. सार्वजनिक आरोग्य आणि दारूविक्रीचे परवाने मात्र स्कॉटलंडच्या हाती आहेत. म्हणून २०१२ मध्ये किमान किमतीचा कायदा झाला. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि कर वाढवणे व्यापाराला कमी जाचक ठरेल असा युक्तिवाद केला. युरोपीय न्यायालयापासून फिरत फिरत तो वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १५ नोव्हेंबर २०१७ रोजी कायद्याच्या बाजूने निकाल लागला. कराने महाग आणि स्वस्त दोन्ही मद्ये महागतात, किमान किंमत मात्र स्वस्त आणि कडक मद्यावरच नेमकी बसते, हा मुद्दा तिथे टिकला. तुमच्या गिऱ्हाइकांना हेही सांगा की पबमधल्या पेल्याला या कायद्याची झळ फारशी लागत नाही. तो आधीपासूनच महाग आहे.

लीथवाली यांच्या आक्षेपावर एक तोडगा पूर्वी वापरून झालेला आहे. दारू आणि तंबाखू दोन्ही विकणाऱ्या मोठ्या दुकानांवर २०१२ ते २०१५ या काळात स्कॉटलंडमध्ये वेगळी आकारणी होती. तशीच पुन्हा आणून तो पैसा व्यसनमुक्तीकडे वळवावा, ही मागणी आजही होत असते.

वरोऱ्याचा यांचे उत्तर:

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. २०१५ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. मधल्या वर्षांत नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातून माल कसा यायचा, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगू शकेल. त्यामुळे माझी पहिली शंका हीच आहे की स्कॉटलंडचे लोक इंग्लंडमधून पेट्या भरून का आणत नाहीत?

लीथवाली:

सीमेजवळचे काही जण आणतात, आणि स्वतःपुरते आणणे बेकायदेशीरही नाही. पण इथली बहुतेक वस्ती ग्लासगो आणि एडिनबरा यांच्या पट्ट्यात आहे. ग्लासगोहून सीमेपलीकडच्या कार्लाइल या इंग्लिश शहराला जाऊन यायचे तर जवळपास दोनशे मैल होतात, म्हणजे बाटलीमागे वाचलेले पैसे पेट्रोलमध्येच जातात. मूल्यमापनातही सीमेपलीकडची खरेदी मर्यादितच आढळली. शिवाय तुमच्याकडे दुकानच बंद होते आणि इथे ते सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत उघडे असते. चोरट्या विक्रेत्याला त्यात फारशी कमाई उरत नाही.