पोर्टन डाउन : गुप्तता नेमकी कुणापासून?

धागाकर्ता :
इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळच्या माळावर १९१६ पासून पोर्टन डाउन ही रासायनिक शस्त्रांवर संशोधन करणारी लष्करी प्रयोगशाळा आहे. शस्त्राचं सूत्र शत्रूपासून लपवायलाच हवं. पण ज्याच्या अंगावर प्रयोग करायचा, त्यालाही अंधारात ठेवायचं?

हवाई दलातला रोनाल्ड मॅडिसन २० वर्षांचा होता. ६ मे १९५३ ला त्याच्या हाताला गणवेशाचं कापड गुंडाळून त्यावर २०० मिलिग्रॅम सारिन हे मज्जासंस्थेवरचं विष टाकलं. मोबदला १५ शिलिंग आणि थोडी रजा. त्याच दिवशी तो मेला. त्याआधी काहीच दिवस ३०० मिलिग्रॅमने दुसरा एक जण कोमात गेला होता. तरी प्रयोग थांबले नाहीत, फक्त मात्रा कमी झाली! मृत्यूची चौकशी बंद दाराआड उरकली, निकाल 'अपघाती'. हा मृत्यू बेकायदेशीररीत्या घडवला गेला, असं ज्यूरीनं म्हणायला २००४ उजाडलं.

रानवाट :
असहमत. मॅडिसनचं जे झालं ते वाईटच. पण तो काळ बघा. जर्मनांनी शोधलेले मज्जासंस्थेवरचे वायू रशियाच्या हाती लागले होते. सैनिक किती सारिन सोसेल हे कळल्याशिवाय संरक्षक कपडे, मुखवटे कसे करणार? २०१८ मध्ये सॉल्झबरीत नोविचोक हे तसलंच विष वापरलं गेलं, ते याच पोर्टननं ओळखलं. हे ज्ञान आभाळातून पडलं नाही.

धागाकर्ता :
नोविचोक ओळखलं, हे मान्य. पण त्यासाठी पोरांशी खोटं बोलायची काय गरज होती? सर्दीवरच्या औषधाचं संशोधन आहे, असं सांगून आपल्याला नेलं, हे कितीतरी जुन्या सैनिकांनी सांगितलंय. त्यांना खरं कळलं असतं तर रशियाला काय कळणार होतं?

माळरान :
इथे रावळपिंडी कुणीच काढलं नाही. १९३० च्या दशकापासून दहा वर्षांहून अधिक काळ पोर्टनच्या शास्त्रज्ञांनी तिथे ब्रिटिश हिंदी फौजेतल्या जवानांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. हिंदी कातडी गोऱ्यापेक्षा जास्त भाजते का, हे बघायचं होतं. कित्येकांना भाजल्यामुळे इस्पितळात ठेवावं लागलं. मॅडिसनला निदान दुसरी चौकशी मिळाली.

रानवाट :
रावळपिंडीचं मला माहीत नव्हतं. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण प्रयोगशाळाच नको, असं कुणी म्हणत असेल तर माझा विरोध कायम आहे.

धागाकर्ता :
तसं मी म्हटलेलंच नाही. माणसावर प्रयोग असेल तर त्याला खरं सांगा, आणि तो मेला तर चौकशी उघड्यावर करा. एवढंच मागतोय.